बाटलीत उरलेले अर्धे औषध : मुलांची औषधे बनवणाऱ्यांना आणि त्यांना परवानगी देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
लहान मुलांची औषधे बनवणाऱ्या कंपन्या,
आणि त्या औषधांच्या वेष्टनावर काय छापावे हे ठरवणारे औषध नियामक

विषय : मुलाला औषध अन्नातून कसे द्यावे याच्या स्पष्ट सूचना वेष्टनावर छापण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी 11 दिवसांची असताना तिच्या टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबांवरून कळले की तिची थायरॉइड ग्रंथी पुरेसे काम करत नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची, गोळी सुरू केली. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ या संप्रेरकावर अवलंबून असते, एकही दिवस चुकवू नका, असे त्यांनी मला दोनदा बजावले. गोळ्यांच्या पाकिटावर सूचना होती : अनशापोटी घ्यावी, त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ नये.

11 दिवसांचे बाळ दर दोन तासांनी दूध पिते. कधी दीड तासातच रडून उठते. त्याचे पोट रिकामे कधी असते आणि दुधासाठी टाहो फोडणाऱ्या बाळाला एक तास थांबवायचे कसे, हे त्या पाकिटावर कुठेही नव्हते. मला जे सुचले ते मी केले. करंगळीच्या नखाहून लहान ती गोळी दोन चमच्यांच्या मध्ये चिरडली, पूड 60 मिली दुधाच्या बाटलीत टाकली, बाटली हलवली आणि तिच्या तोंडाला लावली. अर्धी बाटली संपता संपता ती झोपली. गालाला बोट लावून पाहिले, तळपाय चोळले. ओठ हलले, पण घोट काही गेला नाही. बाटली उजेडात धरली तेव्हा आतल्या बाजूला पांढरे कण चिकटलेले दिसले. तिच्या पोटात किती गेले आणि बाटलीत किती राहिले, हे सांगणारे कोणी नव्हते. मी बाटली विसळून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केले.

पुढच्या रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) हवे तितके उतरले नव्हते. डॉक्टरांनी डोस वाढवला. त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. त्यांच्या हातात कागदावरचा आकडा होता, माझी बाटली नव्हती. त्यानंतरच्या भेटीत एका नर्सबाईंनी सहज विचारले, “देता कसं? मला करून दाखवा.” मी बाटली काढली. त्यांनी ती बाजूला ठेवली, माझ्याकडून एका लहान चमच्यात थोडेसे दूध घेववले, त्यात पूड कालवायला लावली आणि बाळाला जरा उभे धरून गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू पाजायला लावली. मग त्याच चमच्यात पुन्हा थोडे दूध घालून चमचा धुवून घेतला आणि तेही पाजायला सांगितले. “आता सगळं गेलं,” त्या म्हणाल्या. दोन मिनिटांचे काम होते.

त्या दिवसापासून सगळे औषध पोटात जाऊ लागले. मग वाढवलेला डोस जास्त होऊ लागला आणि तो पुन्हा खाली आणावा लागला. मधले आठवडे माझ्या मुलीच्या मेंदूला हवे होते तेवढे औषध मिळाले की नाही, हे आज कोणीही सांगू शकत नाही. ती 9 वर्षांची आहे, हुशार आहे, खेळते-बागडते. तरी ते आठवडे माझ्या मनातून जात नाहीत.

हे सगळे आत्ता लिहिण्याचे कारण माझा धाकटा मुलगा. तो 4 वर्षांचा आहे. काही आठवड्यांपूर्वी त्याला क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचे पातळ औषध दिले होते. औषध कडू, मुलगा हट्टी. मी डोस संत्र्याच्या रसात मिसळला. त्याने एक घोट घेतला, डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिले आणि सगळे बाहेर काढले. मी चाखून पाहिले तर नुसत्या औषधापेक्षा ते मिश्रण कितीतरी जास्त कडू होते. नंतर एका औषधविक्रेत्या ताईंनी कारण सांगितले. या औषधाचा कडूपणा झाकण्यासाठी त्याच्या कणांवर एक थर दिलेला असतो. आंबट पेयात तो थर टिकत नाही आणि झाकलेला कडूपणा उघडा पडतो. पत्रकात दुधासोबत चालते असे छापले होते. आंबट रस टाळा, एवढे तीन शब्द मात्र नव्हते. त्या दिवसापासून माझा मुलगा संत्र्याचा रस पीत नाही. कुठलाही पेला पुढे केला की आधी नाक लावून वास घेतो.

मी त्या औषधाच्या कंपनीला पत्र लिहून विचारले : हे औषध कशात मिसळून द्यावे, किती अन्नात, किती वेळात संपवावे, आणि कशात मिसळू नये? दोन ओळींचे उत्तर आले. ‘अन्नात मिसळून देण्याबाबतची माहिती उपलब्ध नाही. कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’

हे उत्तर वाचून गप्प बसणे मला जमले नाही. गाठ एकाच कंपनीशी असती तर मी तिलाच पुन्हा लिहिले असते. पण गेल्या 9 वर्षांत घरात आलेली मुलांच्या औषधांची वेष्टने मी बघत आले आहे आणि बहुतेकांवर याच चार-पाच ठरलेल्या शब्दांशी भेट होते. ‘जेवणानंतर.’ ‘अनशापोटी.’ ‘वैद्यकीय सल्ल्यानुसार.’ म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना आहे, आणि सगळ्यांना वाचता यावे म्हणून उघड आहे.

माझी सर्वांत मोठी तक्रार ‘जेवणासोबत’ या शब्दाबद्दल आहे. या एका शब्दाखाली तुम्ही अगदी निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. ताप-वेदनेवरचे आयबुप्रोफेन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड खाण्याबरोबर द्यायचे ते पोटाला त्रास होऊ नये म्हणून. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक आम्ल एकत्र असलेले औषध जेवणाच्या सुरुवातीला द्यायचे, कारण त्याने पोट कमी बिघडते आणि क्लॅव्हुलॅनिक आम्ल चांगले शोषले जाते. बुरशीवरचे ग्रिसिओफल्विन आणि मलेरियावरचे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन यांना अन्नातली स्निग्धता लागते; तिच्याविना औषध पुरेसे रक्तात उतरतच नाही. म्हणजे एका ठिकाणी अन्न पोटाचे रक्षण करते, दुसऱ्या ठिकाणी ते औषधाच्या कामाचाच भाग असते. वेष्टनावर मात्र दोन्हीकडे तोच शब्द.

हा फरक आईबापाला का हवा, तर आजारी मूल जेवत नाही म्हणून. तापाने फणफणलेले मूल मान फिरवून पडलेले असते. ‘जेवणानंतर’ असे लिहिले आहे आणि जेवण झालेलेच नाही. डोस द्यायचा की नाही? मलेरियाचे औषध असेल तर थोडे दूधही उपयोगी पडते, हे त्या आईला माहीत हवे. पोट जपण्यासाठी अन्न सांगितले असेल तर चार घास किंवा एक कप दूध पुरेल का, हे माहीत हवे. कारण कळले तर माणूस रात्रीच्या वेळी शहाणपणाने वागू शकतो. नुसता हुकूम हातात असेल तर एक आई डोस चुकवते, दुसरी रडणाऱ्या मुलाच्या तोंडात बळजबरीने घास कोंबते. रडत, आडवे पडलेल्या मुलाच्या तोंडात काही ओतले की ते श्वासनलिकेत जाऊ शकते. माझ्या मुलाला असाच एकदा जोराचा ठसका लागला, चेहरा लालबुंद झाला, आणि मी त्याला पालथे घेऊन पाठीवर थोपटत राहिले. मुलाला उभे किंवा बसते धरा, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला ठेवा, थोडे थोडे द्या, नाक दाबू नका. एवढे वाक्य कुठल्या खोक्यावर मी अजून वाचलेले नाही.

‘अनशापोटी’ची गोष्टही तशीच. रिफॅम्पिसिन किंवा फ्लुक्लॉक्सासिलिन ही प्रतिजैविके. त्यांतले कुठलेही अन्नाबरोबर गेले तर कमी शोषले जाते. जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास असे अंतर मोठ्या माणसाला पाळता येते. तान्ह्या बाळाला ते पाळता येत नाही हे उघड आहे. लेव्होथायरॉक्सिनबद्दल मला फार उशिरा समजले की बाळाच्या बाबतीत सातत्य महत्त्वाचे असते : रोज साधारण त्याच वेळी, दुधाच्या आधी तर रोज आधी, दुधासोबत तर रोज दुधासोबत, म्हणजे तपासणीतल्या आकड्यावरून डोस ठरवता येतो. सोयाचे दूध, लोह आणि कॅल्शियम मात्र त्यापासून लांब ठेवायचे. हे मला पहिल्या दिवशी सांगितले असते तर घड्याळाकडे बघत रडणारी मी आणि भुकेने रडणारी ती, असे दोघींचे दिवस गेले नसते.

दूध. मुलांच्या घरात कडू औषधावर पहिला उतारा दुधाचा असतो. पण टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके दुधातल्या कॅल्शियमला बांधले जातात आणि आतड्यातून पुरेसे शोषले जात नाहीत. लोहाचे औषध दुधाबरोबर दिले तरी त्याचा बराच भाग वाया जातो. तेच क जीवनसत्त्व असलेल्या फळाच्या रसाबरोबर चांगले शोषले जाते. म्हणजे एका औषधाला रस चालतो आणि दूध नको, माझ्या मुलाच्या औषधाला दूध चालते आणि रस नको. हे अंदाजाने ओळखण्यासारखे नाही. कोणत्याही आईला, आजीला, पाळणाघरातल्या ताईंना हे आपोआप कळेल अशी अपेक्षा तुम्ही कशाच्या आधारावर करता?

अन्न आणि औषध यांचा संबंध तुम्हाला नवा नाही. 1989 मध्ये कॅनडातल्या डेव्हिड बेली यांच्या गटाने फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो हे तपासताना मद्याची चव झाकण्यासाठी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. औषधाची रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेली. शोध घेतल्यावर कळले की तो रस आतड्यातले औषध मोडणारे एक विकर (एन्झाइम) निकामी करतो. चव झाकायला निवडलेला रसच औषध बदलून टाकत होता! आज मूत्रपिंड किंवा यकृत बदललेल्या मुलांना नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस देताना हा रस टाळायला सांगतात, तो या शोधामुळेच. चव झाकण्यासाठी आम्ही घरी रोज तेच करतो जे त्या प्रयोगात झाले. फरक एवढाच की आमच्याकडे रक्त तपासणारे कोणी नसते.

मधाबद्दल तर वेगळे लिहायला हवे. अर्भकांना होणारा बोट्युलिझम, म्हणजे एका जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार, 1976 मध्ये ओळखला गेला. मधात त्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाचे आतडे त्यांना रोखू शकत नाही. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध अजिबात नको, औषध चाटवायलाही नको. गोळी मधात कालवून चाटवणे ही किती सहज सुचणारी गोष्ट आहे. तान्ह्या बाळांसाठीच्या औषधांच्या खोक्यावर या एका वाक्याला जागा नसावी, हे मला समजत नाही.

आता गोळ्या चिरडण्याविषयी. लहान मुलांसाठी वेगळे रूप उपलब्ध नसले की मोठ्यांची गोळी अर्धी करून, कुटून दिली जाते. तुम्हाला हे माहीत आहे. आम्लपित्तावरच्या ओमेप्राझोलच्या कॅप्सूलमधले दाणे जठरातल्या आम्लापासून वाचावेत म्हणून त्यांच्यावर थर दिलेला असतो. ते कुटले की औषध आतड्यात पोहोचायच्या आधीच नासते. हळूहळू सुटणारी गोळी चिरडली तर दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो. ‘ही गोळी चिरडू नये’ हे वाक्य कधी पत्रकाच्या मागच्या बाजूला असते, कधी नसते, आणि पत्रक तर खोके फोडल्याच्या दिवशीच कचऱ्यात जाते. आजी औषध देते तेव्हा तिच्या हातात बाटली असते, पत्रक नसते.

चमच्याचेही तेच. लहान चमचा म्हणजे 5 मिली आणि मोठा चमचा म्हणजे 15 मिली, असा हिशेब तुम्ही धरता. घरातला चमचा यातला कुठलाच नसतो. दोघांत गोंधळ झाला तर डोस तिप्पट किंवा तिसरा हिस्सा. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2015 मध्येच सांगितले की पातळ औषधाचा डोस फक्त मिलिलिटरमध्ये लिहावा आणि सिरिंजने मोजावा. तरी आजही मापाच्या टोपणाशिवाय काही न देणारे खोके मिळतात.

तुमच्यातले काही जण म्हणतील की जगातले प्रत्येक अन्न तपासणे शक्य नाही. कोणी मागितलेही नाही. तुमच्याच कपाटातला एक नमुना सांगते. दम्यासाठी दिल्या जाणाऱ्या माँटेलुकास्टच्या 4 मिलिग्रॅम दाण्यांच्या पुडीचे अमेरिकेतले पत्रक वाचा. दाणे थेट तोंडात टाका, किंवा 5 मिली गार अथवा साध्या तापमानाच्या आईच्या वा पावडरच्या दुधात विरघळवा, किंवा चमचाभर मऊ अन्नात मिसळा. मऊ अन्न म्हणजे कोणते, तर सफरचंदाचा गर, गाजर, भात आणि आइस्क्रीम ही चारच. पुडी उघडल्यावर 15 मिनिटांत संपवा. उरलेले ठेवू नका. दुसऱ्या कुठल्याही द्रवात विरघळवू नका, पाणी वगैरे नंतर पाजा. मी ते वाचले तेव्हा प्रथम आनंद झाला आणि मग राग आला. कोणीतरी बसून चार पदार्थ तपासले होते, वेळ मोजली होती आणि माझ्यासारखीला कळेल अशा शब्दांत छापली होती. म्हणजे हे जमते. बाकीच्या औषधांसाठी का केले नाही?

नियामकांनाही माझे तेच विचारणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये मुलांसाठीच्या अत्यावश्यक औषधांची पहिली यादी काढली आणि औषधे मुलांच्या मापाची करा, अशी मोहीम सुरू केली. त्याच वर्षी युरोपात मुलांच्या औषधांसंबंधीचा कायदा लागू झाला. मुलांच्या औषधांच्या घडणीबद्दल युरोपच्या औषध संस्थेने 2013 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात अन्नात मिसळून देण्याचा विचार आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये द्रव आणि मऊ अन्नातून औषध देण्याच्या चाचण्यांबद्दल मसुदा काढला. अन्नात मिसळल्यावर औषध किती वेळ टिकते, विरघळते कसे, पूर्ण डोस मिळतो का, हे तपासायच्या रीती लिहून ठेवलेल्या आहेत. मोठ्या माणसाने जेवून औषध घेतल्यावर काय होते, हे तुम्ही नव्या औषधाच्या वेळी तपासून घेता. चमचाभर दह्यात कालवलेली, अर्ध्या तासाने उरलेली पूड मात्र तपासायची राहते.

आणि ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ हे उत्तर कृपया पुन्हा देऊ नका. मी सल्ला घेते. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी क्लॅरिथ्रोमायसिनचे तेच पत्रक उघडून मला दाखवले आणि म्हणाले, “यात नाही हो.” त्यांच्याकडे येणारी माहिती तुमच्याकडूनच येते. बाहेर रांग लागलेली असताना त्यांना मिळणाऱ्या काही मिनिटांत त्यांनी निदान करायचे, डोस काढायचा आणि तुम्ही न तपासलेल्या गोष्टीचे उत्तरही द्यायचे, हे त्यांच्यावर अन्यायाचे आहे.

माझ्या मागण्या लांबलचक नाहीत.

मुलांना दिल्या जाणाऱ्या प्रत्येक औषधाच्या बाटलीवर किंवा पाकिटावर, पत्रकावर नव्हे, ठळक अक्षरांत आणि घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेत पाच गोष्टी छापा : कशात मिसळता येते, किती अन्नात, किती वेळात संपवायचे, कशात मिसळायचे नाही, आणि चिरडता किंवा उघडता येते की नाही. न तपासलेले असेल तर ‘तपासलेले नाही, नुसते पाण्याबरोबर द्या’ असे प्रामाणिकपणे छापा. तेही मला चालेल. त्यावरून निदान निर्णय तरी घेता येतो.

‘जेवणासोबत’ किंवा ‘अनशापोटी’ लिहाल तिथे पुढे कारण लिहा, एका ओळीत. तान्ह्या बाळासाठी वेगळी सूचना द्या. मूल जेवत नसेल तर काय करायचे आणि डोस दिल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली तर काय, हे सांगा. उलटीनंतर डोस पुन्हा द्यायचा की नाही, हे औषधानुसार बदलते. आम्ही प्रत्येक वेळी तुक्का मारतो.

पातळ औषधासोबत मिलिलिटरच्या खुणा असलेली सिरिंज द्या. चमच्याचा उल्लेख काढून टाका.

नवे औषध मुलांसाठी बाजारात आणण्याआधी दूध, पाणी, एक आंबट रस, दही आणि एक मऊ फळाचा गर, एवढ्यांत तरी तपासून पाहा. मुलांना ते गिळता येते का, त्याची चव त्यांना सहन होते का, हे मुलांकडूनच जाणून घ्या. नियामकांनी या माहितीशिवाय मुलांसाठीच्या औषधाला परवानगी देऊ नये, आणि जुन्या, रोजच्या वापरातल्या औषधांसाठी कंपन्यांना मुदत घालून द्यावी. कुठल्या औषधापासून सुरुवात करायची असे विचाराल तर ज्यांत डोस थोडा चुकला तरी मूल गोत्यात येते त्यांपासून करा : थायरॉइडची, फिट्सची, हृदयाची, अवयव बदललेल्या मुलांची.

माझ्यासारख्या आईबापांना एक विनंती या पत्रातूनच करते. हे वाचून चालू असलेले औषध बंद करू नका किंवा पद्धत एकदम बदलू नका. विशेषतः थायरॉइडच्या औषधाचा डोस तुमच्या सध्याच्या पद्धतीवर बेतलेला असतो. पुढच्या भेटीला जाताना घरी औषध कसे देता ते डॉक्टरांना किंवा नर्सना करून दाखवा. चमचा, बाटली, वाटी, जे वापरता ते सोबत न्या. दुधाच्या पूर्ण बाटलीत किंवा ताटभर जेवणात औषध टाकू नका. आणि औषधाला खाऊ म्हणू नका. लोहाच्या रंगीत गोळ्या गोड समजून मूठभर खाल्ल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

माझी मुलगी आता गोळी स्वतः गिळते. सकाळी उठल्यावर पेलाभर पाण्याबरोबर, मग शाळेचे आवरेपर्यंत काही खात नाही. परवा तिने पाकिटावरची ओळ मोठ्याने वाचली आणि विचारले, “आई, अनशापोटी म्हणजे नक्की किती वेळ?” पाकीट नवे होते. 9 वर्षांपूर्वी होती तीच ओळ होती, शब्दही न बदललेली.

ज्या कंपनीने मला दोन ओळींचे उत्तर पाठवले तिच्याकडून, आणि नियामकांकडून, मी लेखी उत्तराची वाट पाहत आहे. यातल्या कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का, हे मुद्देसूद कळवावे. ते उत्तर या पत्रासारखेच उघड असावे.

आपली,
रोज सकाळी थायरॉइडची गोळी काढून देणारी एक आई